पाच गिअर मागे

माझी बायको मेव्हिस गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंगारवाल्याच्या आवारात एका तीनचाकी मोटारीखाली उताणा पडलो होतो. मंगळवार होता, पावणेअकरा वाजले होते. ती मोटार प्लास्टिकच्या अंगाची, पुढे एक चाक आणि मागे दोन. आमच्या भागात पूर्वी अशा मोटारी जागोजागी दिसायच्या. मला तिचा मागची दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल हवा होता. चार बोल्टपैकी तीन निघाले होते.

"सिरिल, तुम्ही येता का इकडे?" वॉर्डातली नर्स म्हणाली.

"घाईचं आहे का?" मी विचारलं.

"आता घाई नाही, राजा. सावकाश चालवत या."

मी फोन खिशात ठेवला आणि चौथा बोल्ट काढला. का काढला ते मला आजही सांगता येत नाही. अ‍ॅक्सल व्हॅनमध्ये घातला आणि हॉस्पिटलात गेलो. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. नर्सनं साबण दिला. तीनदा धुतले, पण नखांतलं ऑइल गेलं नाही. मग तसाच मेव्हिसचा हात धरून बसलो. ती असती तर नखांकडे बघून म्हणाली असती, "मिळाला वाटतं अ‍ॅक्सल."

तो अ‍ॅक्सल तिच्यासाठीच होता.

आमच्या घरात मोटरसायकल मेव्हिस चालवायची. मी मागे बसायचो. चौतीस वर्षं असंच चाललं. मीही एकदा शिकायचा प्रयत्न केला होता. तीनदा परीक्षा दिली आणि तिसऱ्या वेळी गाडीसकट परीक्षकाच्या पायावर पडलो. तेव्हापासून मी मागे. दर रविवारी आमच्या चीडल गावाहून निघायचं, ॲशबोर्नवरून मॅटलॉक बाथ ह्या गावाला जायचं, नदीकाठी इतर शे-दोनशे मोटरसायकलींच्या रांगेत गाडी लावायची, मासे आणि बटाट्याचे काप खायचे आणि परत यायचं. तिथली मंडळी मला 'मेव्हिसचं सामान' म्हणायची. "आज सामान आणलंयस का गं?" असं तिला विचारायची. मी हात वर करायचो.

मागे बसण्याचा एकच नियम तिनं मला पहिल्या दिवशी सांगितला होता. "वळणावर मी जिकडे झुकेन तिकडे झुकायचं. शंका काढायची नाही. तू शंका काढलीस की आपण दोघं खड्ड्यात." मी कधी शंका काढली नाही.

गाडी जपानी, पाचशे सीसीची. हिला चेन नाही. इंजिनातून निघालेला शाफ्ट, म्हणजे फिरता लोखंडी दांडा, थेट मागच्या चाकापर्यंत जातो. ना चेन ताणायची, ना तिला ऑइल घालायचं. मेव्हिसला ते आवडायचं. ती म्हणायची, लटकणाऱ्या गोष्टी मला आवडत नाहीत. हे ती माझ्या पोटाकडे बघून म्हणायची.

मागच्या हिवाळ्यात तिच्या पायांतली ताकद गेली. सिग्नलला थांबलं की गाडी पेलवेना. जानेवारीत आम्ही दोघं रस्त्यातच आडवे झालो आणि तिथेच पडल्या पडल्या ती म्हणाली, "सिरिल, हिला तीन चाकं लावू या. तू चालव. मी मागे बसून ओरडते."

"मला लायसन नाही."

"मोटारीचं आहे ना? तुझं जुनं आहे. जुन्या लायसनवर दोन चाकं चालत नाहीत, तीन चालतात. मी सगळं विचारून ठेवलंय."

म्हणजे पडायच्या आधीच तिनं विचारून ठेवलं होतं. माझ्याकडून तिनं वचन घेतलं की, एकदा तरी मी पुढे आणि ती मागे, असं मॅटलॉक बाथला जायचं. एवढी वर्षं मला काय दिसत होतं ते तिला बघायचं होतं.

"तुझी पाठ दिसायची," मी म्हणालो.

"मग मला तुझी दिसेल. सोसेन मी."

ती पूर्वी खोदयंत्रांच्या कारखान्यात आराखड्यांच्या खात्यात होती. साहेबांनी काढलेले आराखडे गिरवायचे आणि गिरवता गिरवता त्यांच्या चुका त्यांना कळू न देता दुरुस्त करायच्या, हे तिचं काम. हॉस्पिटलात जायच्या आधी तिनं गाडीचा आराखडा काढला. भिंतीवर लावायच्या कागदाची उरलेली गुंडाळी होती, तिच्या पाठच्या बाजूला. वरून, बाजूनं, मागून, सगळीकडून. मी कपबशांच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेला माणूस. मला त्यातलं चाक कुठलं आणि सीट कुठली एवढंच कळलं.

अंत्यविधीनंतर दहा दिवसांनी तिचा धाकटा भाऊ हेडली आला. तोंड आंबट करून शेडच्या दारात उभा राहिला. पस्तीस वर्षं लॉरी दुरुस्त केलेला माणूस. आमच्या सबंध गावात त्याच्यासारखं वेल्डिंग कुणाचं नाही, आणि ते त्यालाही माहीत आहे.

"हात लावू नकोस तिला," तो म्हणाला.

"कुणाला?"

"गाडीला, दुसरं कुणाला! चौतीस वर्षं ताईनं जपली. मडगार्डावर एक चरा नाही. आणि तू तिचं ढुंगण कापून तिथे भंगारातल्या डबड्याचा अ‍ॅक्सल लावणार? वेडा आहेस का तू?"

"तिनंच सांगितलंय. हा बघ आराखडा."

"ती होती तेव्हाची गोष्ट ती. आता कुणासाठी करतोस?"

मी फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. तिच्या राखेचा डबा होता तो. हिरवा, प्लास्टिकचा, झाकण फिरवायचं. गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात असतात तसा. घरात ठेवला तर टीव्हीशेजारी ठेवावा लागला असता, आणि टीव्ही तिला कधी आवडला नाही. म्हणून शेडमध्ये, ग्रीसच्या डब्याशेजारी.

हेडलीनं टोपी काढली. "तिला इथे ठेवलीस?"

"तिचीच शेड आहे. तिचं बसायचं ठरलंय, मागच्या सीटवर. मला फक्त वेल्डिंग येत नाही."

"मी करणार नाही. सांगून ठेवतो. ह्या पापात मी नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो वेल्डिंगचं यंत्र घेऊन हजर. म्हणाला, "मी करत नाहीये. तू वाकडं करशील ते मला बघवणार नाही, म्हणून आलोय."

महिनाभर तो रोज आला आणि रोज म्हणाला की तो करत नाहीये. मागचं चाक काढलं, चाक धरणारे दांडे काढले. चौकट जिथे कापायची तिथे मेव्हिसनं लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. ग्राइंडर हेडलीच्या हातात होता. त्यानं तीनदा चालू केला आणि तीनदा बंद केला.

"तू काप," तो म्हणाला.

"माझ्यानं सरळ कापलं जाणार नाही."

"मग तू तिकडे तोंड कर." आणि डब्याकडे वळून म्हणाला, "आणि ताई, तूही."

डब्यासमोर तो शिव्या देत नसे. बोटावर हातोडी बसली की शेडच्या बाहेर जाऊन द्यायचा आणि परत यायचा. शेजारच्या ग्लेनिसला त्यामुळे सगळ्या शिव्या ऐकू येत. ती दुपारी ताटलीत ओटच्या पिठाचे, घावनासारखे गरम ओटकेक आणायची, आत चीज घातलेले, आणि विचारायची, "आज बाहेर चार वेळा आलास रे, हेडली. अवघड दिसतंय काम."

नव्या चौकटीचे पाइप जुळले. मग अ‍ॅक्सल बसवायचा दिवस आला. मध्ये लोखंडाचा भोपळा असावा तसा फुगवटा असतो, त्यात दातेरी चाकं. शाफ्टचं फिरणं त्यात वळतं आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना जातं. हेडलीनं आराखडा भिंतीला लावला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे चुकलंय."

"काय?"

"अ‍ॅक्सल उलटा काढलाय तिनं. खालची बाजू वर केलीय. हे बघ, ऑइल भरायचं भोक. इथे असायला हवं, ते इथे आलंय. ऑइल भरायचं कसं, खाली डोकं वर पाय करून?"

मी बघितलं. भोक जागेवर नव्हतं हे मलाही दिसलं. शेजारी तिनं शाफ्टवर एक गोल बाण काढला होता आणि लिहिलं होतं, 'मागून बघा.' आम्ही दोघांनी कागद उचलून मागून बघितलं. मागून भिंत होती.

"मी पस्तीस वर्षांत हजारभर अ‍ॅक्सल बसवले असतील," हेडली म्हणाला. "एकही उलटा नाही. अ‍ॅक्सलला वरखाली असतं, माणसासारखं."

"ती चुकेल असं वाटत नाही."

"अरे, शेवटी किती औषधं चालू होती तिला. मला फोनवर आमच्या आईचं नाव घेऊन बोलत होती ती. आईला जाऊन वीस वर्षं झाली. सिरिल, मी काय मुद्दाम सांगतोय का?"

मला आराखडा वाचता येत नाही. त्याला येतो. मी म्हणालो, "तू म्हणतोस तर सरळ बसव."

त्यानं सरळ बसवला. वेल्डिंग इतकं सुरेख झालं की ग्लेनिसला बोलावून दाखवलं. शाफ्टला शाफ्ट जोडला. ब्रेकच्या नळ्या झाल्या, सीट बसली.

चाचणी रविवारी दुपारी घ्यायची ठरली. आमच्या शेडसमोर एक खासगी गल्ली आहे, तिच्या एका टोकाला ग्लेनिसचं परस; गाडीची सरकारी तपासणी झाली नसली तरी तिथे चालवता येते. मी मेव्हिसचं हेल्मेट घातलं. माझ्या डोक्याला ते घट्ट होतं. हेडलीनं डबा मागच्या सीटवर ठेवला आणि तिच्या जुन्या कातडी पट्ट्यानं आवळून बांधला.

"पहिली फेरी तिच्यासकट," तो म्हणाला आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे, माझ्यासमोर तीस पावलांवर जाऊन उभा राहिला. लॉरी मागे घेताना करतात तसे हात हलवू लागला. "ये! ये! सरळ ये!"

मी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. तो आवाज कित्येक महिन्यांनंतर ऐकला. मी पहिला गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला.

हेडली लहान झाला.

मला वाटलं, तोच मागे चाललाय. मग ग्लेनिसचं कुंपण उजव्या बाजूनं पुढे गेलं, आणि तिचं वाळत घातलेलं धुणं पुढे गेलं. मी गाडीवर बसून पाठीकडे चाललो होतो.

"पुढे!" हेडली ओरडला. "अरे पुढे!"

"पहिल्यातच आहे!"

"मग बदल!"

मी बदलला. दुसरा टाकला. दुसऱ्यात गाडी आणखी जोरात मागे गेली. आता मला वाटतं, त्या वेळी क्लच दाबायला हवा होता, ब्रेक दाबायला हवा होता. पण मोटरसायकलवर मी चौतीस वर्षं मागे बसलेला माणूस, तिथे माझ्या हातापायांना मेव्हिसला धरण्याखेरीज आणि दांड्यावर टेकण्याखेरीज कसली सवय नव्हती. धुण्याच्या दोरीवरचा एक पलंगपोस माझ्या हेल्मेटवर आला. ग्लेनिसच्या कोंबड्या ओरडत दोन बाजूंना पळाल्या. तिच्या रूबार्बच्या वाफ्यातून, ते लाल देठ तुडवत, आम्ही कचऱ्याच्या खताच्या ढिगात घुसलो आणि इंजिन बंद पडलं.

मी पलंगपोस काढला तेव्हा ग्लेनिस दारात उभी होती. हातात बटाटे सोलायची सुरी.

"काही लागलं का, राजा?"

"नाही."

"आणि मेव्हिसला?"

मी वळून बघितलं. डबा खतात निम्मा रुतला होता, पण पट्टा सुटला नव्हता. झाकणावर अंड्याचं एक टरफल होतं.

"ठीक आहे ती."

ग्लेनिस म्हणाली, "मी खिडकीतून बघितलं ना. ती पुढे होती आणि तू मागे. नेहमीसारखंच." आणि ती दाराला टेकून हसायला लागली. हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. मग मीही हसलो. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा.

हेडली धापा टाकत आला. त्याला हसू आलं नाही. तो गाडीखाली वाकला, शाफ्ट बघितला, उठला आणि शेडमध्ये गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो आराखड्यासमोर उभा होता.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "तुझ्याकडे अंडी फेटायचं ते हातानं फिरवायचं यंत्र आहे का?"

तिनं आणून दिलं. त्याचं मोठं दातेरी चाक त्यानं डावीकडे धरलं आणि एक पातं बोटानं फिरवलं. मोठं चाक माझ्या दिशेनं फिरलं. मग त्यानं यंत्र उलटं केलं, मोठं चाक उजवीकडे आलं, आणि पातं पहिल्यासारखंच फिरवलं. मोठं चाक माझ्यापासून दूर फिरलं. असं त्यानं सात-आठ वेळा केलं.

"लॉरीचा शाफ्ट एका बाजूला फिरतो," तो म्हणाला. "सगळ्या मोटारींचा तसाच. ह्या गाडीचा उलट्या बाजूला फिरतो. हा बाण आहे ना, गोल, तेच सांगतोय. शाफ्टच्या मागच्या टोकाकडून बघा, असा फिरतो. म्हणून अ‍ॅक्सल उलटा. भोक नवं पाडायचं, असं तिनं खाली लिहिलंय. बारीक अक्षरात. मी वाचलंच नाही."

"औषधं," मी म्हणालो.

"गप बस."

तो फळीकडे वळला, पण डबा तिथे नव्हता, माझ्या काखेत होता. तेव्हा तो माझ्या काखेकडे बघून म्हणाला, "ताई, माझं चुकलं."

"तारीख लिहून ठेवा," ग्लेनिस म्हणाली. "हेडली पहिल्यांदाच असं म्हणतोय."

हेडलीला तिच्यावर शंका घ्यायचा हक्क होता, लहानपणापासून भांडत आले होते ते. मला नव्हता. चौतीस वर्षं ती झुकली तिकडे झुकलो आणि ती नसताना पहिल्याच वळणावर शंका काढली. त्या संध्याकाळी मी डबा ओल्या फडक्यानं पुसला आणि तिला हे सांगितलं. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

सगळं पुन्हा कापलं. हेडलीचं सुरेख वेल्डिंग हेडलीनंच ग्राइंडरनं उडवलं आणि ह्या वेळी तोंड फिरवायला सांगितलं नाही. अ‍ॅक्सल उलटा केला, नवं भोक पाडलं. आराखड्यातली बारीक अक्षरं मी भिंग धरून मोठ्यानं वाचायची, त्यानं करायचं, आणि झालं की मी शेजारी खूण करायची, असं ठरलं. ब्रेकची नळी कुठून न्यायची, मडगार्ड किती रुंद, सगळं होतं त्यात. एके ठिकाणी लिहिलं होतं, 'हेडली घाई करेल. त्याला चहा द्या.' मी चहा दिला.

तीन आठवड्यांनी, पुन्हा रविवारी, मी पहिला गिअर टाकला. ग्लेनिसनं कोंबड्या कोंडल्या होत्या आणि धुणं घातलं नव्हतं. हेडली ह्या वेळी माझ्या मागे उभा राहिला. गाडी पुढे गेली.

गल्लीच्या शेवटी डावीकडे वळण आहे. मी वळलो आणि सवयीनं डावीकडे झुकलो. गाडी झुकली नाही. तीन चाकांच्या गाड्या झुकत नाहीत. मी एकटाच झुकून तसा लटकत वळलो.

"काय करतोयस?" हेडली ओरडला. "पडलं का काही?"

"झुकतोय!"

"कुणाबरोबर?"

परत यायला गाडी फिरवायची होती. मोटरसायकलला मागे जायचा गिअर नसतो. तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे पाच होते, आता एकही नाही. मी उतरलो आणि दोघांनी ढकलून फिरवली. आराखड्यात तेही होतं. 'मागे न्यायची असेल तर सिरिल ढकलेल.'

सरकारी तपासणी गेल्या महिन्यात झाली. तपासनिसानं सगळं मोजलं, अ‍ॅक्सलखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "उलटा का?" हेडली छाती काढून म्हणाला, "शाफ्टची दिशा वेगळी आहे ना. हे आधीच ध्यानात घ्यावं लागतं." मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. गाडी पास झाली.

आता हेडली दर शनिवारी विचारतो. "उद्या जायचं ना मॅटलॉकला? हवा चांगली आहे. मी माझ्या गाडीनं मागून येतो."

"पाठीची उशी राहिलीय," मी सांगतो.

आराखड्यात मागच्या सीटला टेकायची उशी आहे. मेव्हिसची पाठ दुखायची. एवढे इंच उंच, एवढी जाड, काळ्या कातडीची, मध्ये तीन बटणं, सगळं लिहिलंय.

"अरे, ती डब्यात आहे," हेडली म्हणतो. "डब्याला कसली पाठ?"

"आराखड्यात आहे."

कातडं आणलंय. ग्लेनिसनं जाड सुया दिल्यात आणि शिवून द्यायलाही ती तयार आहे, पण मी नको म्हणालो. मी एक बाजू शिवली, टाके वाकडे आले, उसवली. बाकी सगळ्याला खूण झालीय. उशी राहिलीय, आणि मॅटलॉक बाथला जायचं राहिलंय.